मुलांच्या दारी गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव ज्या नगरीत साजरा होत आहे, ती चंदीगड नगरी फाळणीच्या दुःखातून जन्मास आली. १९४७ मध्ये लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला नव्या राजधानीची निकड भासली. येथून फार दूर नसलेल्या कुरुक्षेत्री त्या वर्षी निर्वासितांच्या तंबूंचे नगरच उभे राहिले होते. तेथील वस्ती सुमारे ३ लाखांवर पोहोचली होती. अन्नवस्त्र पुरविताना शासनाची दमछाक होत असतानाही, रात्री त्या छावणीत दिल्लीहून आणलेल्या यंत्रांवर मिकी माउसचे चित्रपट दाखविले जात. पोटाला घास मिळाला तरी बालकाचे तेवढ्यावर भागत नाही, ही जाण त्यामागे होती. हीच जाण ज्यांनी आयुष्यभर कृतीत उतरविली, त्या ताराबाई मोडक यांचे स्मरण या प्रसंगी उचित ठरेल. निर्वासितांची छावणी हे त्यांचे कार्यक्षेत्र नव्हते. परंतु शाळेपासून वंचित राहिलेल्या मुलांचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थनासमाजी विचारांचे असल्याने मुलीच्या शिक्षणास आडकाठी आली नाही. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. त्या काळी सुशिक्षित स्त्रीलाही हे पाऊल सोपे नव्हते. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले.

मानाची ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तेथे बालकाला स्वातंत्र्य होते. भय आणि छडी यांना थारा नव्हता. १९२६ मध्ये या उभयतांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. नाव झाले, मान्यता मिळाली. परंतु माँटेसरी पद्धतीची साधने महाग आणि येणारी मुले बहुतांशी सुस्थितीतील घरांची. ज्यांना या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, ती मुले दाराबाहेरच राहिली, हे शल्य त्यांना बोचत होते.

म्हणून १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षण केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी हरिजन-आदिवासी वस्त्यांतील मुले येईनात. वडीलधारी माणसे मजुरीस गेली की धाकटी भावंडे सांभाळणे हेच त्या मुलांचे काम. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीवर नेली. शिक्षिका साहित्य घेऊन तेथे जात, झोपड्यांपुढचे अंगण झाडीत, मुलांना न्हाऊमाखू घालीत, नखे कापीत आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. महागड्या साधनांची जागा शिंपल्या, खडे, बिया व पाने यांनी घेतली. मोजणे, निवडणे, रंग ओळखणे हे सारे त्यातूनच साधे. या अंगणातील शाळेचे नाव अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या परिसरात गेले. भावंडे सांभाळणाऱ्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी निर्माण झाली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. मूल शाळेत का येत नाही, असा ठपका मुलावर न ठेवता शाळा त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. त्यांच्या कार्याचे सारे मर्म यातच आहे.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण लाभले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. दोनच वर्षांनी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. पंजाब-हरियाणातील खेड्यापाड्यांतही तो आज रुळला आहे. पंजाबी माता तो सहज उच्चारतात, तेव्हा त्यामागे एका मराठी विदुषीची तपश्चर्या उभी आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आम्ही सरकारी नोकर बदलीच्या हुकुमाबरोबर गाव बदलतो. मुलांच्या शाळाही बदलतात, परंतु कोठे ना कोठे प्रवेश मिळतो. या देखण्या नगरीच्या इमारती उभारणारा मजूरही एका बांधकामावरून दुसऱ्या बांधकामावर जातो; त्याच्या मुलांना मात्र पुढच्या मुक्कामी शाळा मिळेलच असे नाही. आपल्या मंडळात शिकलेल्या भगिनी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मराठी बालगीते आणि खेळ जाणणाऱ्या आज्या आहेत. आठवड्यातून एक सायंकाळ अशा एखाद्या वस्तीच्या अंगणात गेली, तर ताराबाईंच्या स्मृतीस ते खरे अभिवादन होईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. चार खडे, चार गोष्टी आणि तेथवर चालत जाण्याची तयारी एवढेच पुरे.