मेंडेलीफ आणि त्याच्या सारणींतील मोकळीं घरें

रसायनशाळेंत पाऊल टाकतांच भिंतीवर टांगलेला एक मोठा तक्ता आपल्या दृष्टीस पडतो. त्याच्या प्रत्येक घरांत एकेका मूलद्रव्याचें चिन्ह व अंक असतो. हा तक्ता ध्यानांत ठेवणें विद्यार्थ्यांस कठीण वाटतें. परंतु ज्या पुरुषानें तो सिद्ध केला, त्याच्या आयुष्याची वाट त्याहूनही बिकट होती. त्या पुरुषाचें नांव दिमित्री इव्हानोविच मेंडेलीफ.

त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजीं सैबेरियांतील टोबोल्स्क या गांवीं झाला. वडील तेथील विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. पण मुलाच्या जन्माच्याच वर्षीं त्यांची दृष्टि गेली व त्यांस नोकरी सोडावी लागली. घरांत मुलें पुष्कळ, आणि दिमित्री सर्वांत धाकटा. अशा वेळीं त्याची आई मारिया हिनें कंबर बांधली. जवळच्या खेड्यांत तिच्या भावाचा कांचेचा कारखाना होता. तो ती चालवूं लागली. १८४७ सालीं पति निवर्तला आणि पुढच्याच वर्षीं कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. तरीही ती माउली खचली नाहीं. होतें नव्हतें तें गोळा करून, दिमित्री व एक मुलगी यांस घेऊन, १८४९ सालीं तिनें घर सोडलें. हजार मैलांहून अधिक प्रवास करून ती मॉस्कोस आली. पण तेथील विद्यापीठानें मुलास प्रवेश नाकारला. मग ती सेंट पीटर्सबर्ग येथें गेली. ज्या शिक्षकसंस्थेंत बाप शिकला, त्याच संस्थेंत १८५० सालीं मुलास जागा मिळाली. आईचें कार्य जणूं तेवढेंच उरलें होतें. त्याच वर्षीं ती वारली.

मुलानें आईच्या कष्टांचें चीज केलें. १८५५ सालीं तो सुवर्णपदक मिळवून उत्तीर्ण झाला. पुढें जर्मनींत अभ्यास करीत असतां, १८६० सालीं कार्ल्सरूह येथें भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेस तो हजर राहिला. तेथें कॅनिझारो या इटालियन पंडितानें अणुभार निश्चित करण्याची योग्य रीत विशद केली. हें बीज मेंडेलीफच्या मनांत रुजलें.

१८६७ सालीं तो पीटर्सबर्ग विद्यापीठांत प्राध्यापक झाला व विद्यार्थ्यांसाठीं रसायनशास्त्राचा ग्रंथ लिहूं लागला. त्या काळीं ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं; पण त्यांची मांडणी कोणत्या क्रमानें करावी, हा प्रश्न होता. इंग्लंडांत न्यूलंड्स व जर्मनींत लोथर मायर हेही याच शोधांत होते. मेंडेलीफनें मूलद्रव्यें अणुभाराच्या चढत्या क्रमानें मांडलीं, तों असें दिसलें कीं, आठवड्याचे वार जसे फिरून येतात, तसे गुणधर्मही ठराविक अंतरानें फिरून येतात. लिथियम, सोडियम व पोटॅशियम हे तीनही मऊ धातु. तीनही पाण्याशीं झटतात. आणि तीनही एकाच गटांत पडतात. ही सारणी १८६९ च्या मार्च महिन्यांत रशियन रसायनसंस्थेपुढें ठेवण्यांत आली.

पण त्याचें खरें धैर्य पुढेंच आहे. कांहीं ठिकाणीं क्रम जुळेना. तेथें त्यानें मूलद्रव्यें ओढूनताणून बसविलीं नाहींत. तीं घरें मोकळीं ठेविलीं. युरेनियमचा अणुभार त्या वेळीं १२० मानीत. तो २४० असला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. एवढ्यावरच न थांबतां, १८७१ सालीं त्यानें तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्म आगाऊ लिहून ठेविले. त्यांस नांवें देतांना त्यानें आपल्या संस्कृत भाषेंतील ‘एक’ हा शब्द घेतला: एक-अल्युमिनियम, एक-बोरॉन व एक-सिलिकन. भाकित खोटें ठरतें, तर जगांत हसें झालें असतें.

१८७५ सालीं फ्रान्समध्यें ब्वाबोद्राँ यास गॅलियम सांपडलें. त्यानें त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीफनें, ज्यानें तो धातु डोळ्यांनीं पाहिलाही नव्हता, ती ५.९ च्या आसपास असावी असें कळविलें. धातु अधिक शुद्ध करून पुनः मोजतां घनता ५.९ भरली! १८७९ त स्कँडियम व १८८६ त जर्मेनियम मिळालें. जर्मेनियमचा अणुभार त्यानें ७२ सांगितला होता, तो ७२.३२ निघाला.

तथापि, या नियमाचें मूळ कारण त्यास उमगलें नव्हतें. अणूचेही भाग पडतात, हें मानण्यास तो अखेरपर्यंत तयार नव्हता. मूलद्रव्यांचा खरा क्रम अणूच्या केंद्रांतील विद्युद्भारावर अवलंबून असतो, हें मोझ्ली यानें १९१३ सालीं दाखविलें. पण घरें बहुतेक जेथल्या तेथें राहिलीं.

विद्यार्थ्यांचा अर्ज मंत्र्यांपर्यंत नेल्याच्या प्रकरणांत १८९० सालीं त्यास विद्यापीठ सोडावें लागलें. पुढें १८९३ पासून वजनें व मापें यांच्या सरकारी कार्यालयाचा तो प्रमुख होता. २ फेब्रुवारी १९०७ रोजीं तो वारला. नोबेल पारितोषिक त्यास मिळालें नाहीं. परंतु १९५५ सालीं सिद्ध झालेल्या १०१ व्या मूलद्रव्यास त्याचें नांव देण्यांत आलें. आज त्या सारणींत ११८ घरें भरलेलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, जें ठाऊक नाहीं त्याची जागा खोट्या उत्तरानें न भरतां मोकळी ठेवणें, हीही विद्याच आहे. ती विद्या मेंडेलीफजवळ होती. आणि १८८७ सालीं द्रावणांवरील आपला ग्रंथ त्यानें कोणास अर्पण केला, हें सांगावयास नकोच: सैबेरियांतून त्याला घेऊन निघालेल्या त्या माउलीस.