गिट नव्हतं तेव्हाचं मर्ज: विष्णु सीताराम सुकथनकर

समजा, तुम्ही बुलढाण्यात, एक मित्र मेहकरला, दुसरा खामगावला. लोणार सरोवरावर प्रोजेक्ट चालू आहे. तिघांची रेपॉझिटरी वेगळी, ड्रोनचे जडजड व्हिडिओ तिन्हीकडे, आणि फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’. आता खरी कोणती?

हाच प्रश्न सुकथनकरांपुढे १९२५ साली पुण्यात आला. डेटा होता महाभारत!

जन्म ४ मे १८८७. केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट. काही वर्षं पुरातत्त्व खात्यात नोकरी. १९२५ मध्ये भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम त्यांच्याकडे दिलं.

पोथ्या देशभर विखुरलेल्या. लिप्या शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा कितीतरी. एकट्या आदिपर्वासाठी साठेक पोथ्या ताडून पाहिल्या. सगळ्या पुण्यात आणणं शक्यच नव्हतं, म्हणून शांतिनिकेतन आणि तंजावरलाही ताडणीचं काम चाले. आखलेल्या कागदावर वर मूळ श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीत जिथे फरक, तेवढंच अक्षर भरायचं. म्हणजे आपलं ‘डिफ’च की!

छापताना प्रत्येक पोथीला छोटी खूण दिली: अक्षर आणि आकडा. तळटीपेत पाठभेद आणि ती खूण. अख्खी पोथी आपल्या ग्रंथालयातच. गिट एलएफएस हेच करतं. रेपॉझिटरीत चिमुकली पॉइंटर फाइल, जड व्हिडिओ वेगळ्या स्टोरेजमध्ये. तुमच्या तिन्ही रेपॉझिटरी हलक्या राहतात.

मर्ज मात्र डोक्यानेच करावं लागलं. बहुमत चालत नाही: एकाच पोथीच्या दहा नकला म्हणजे दहा पुरावे नव्हेत (व्हॉट्सॲप फॉरवर्ड आठवा). पण एकमेकींशी संबंध नसलेल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या पोथ्या जुळल्या, तर तो पाठ जुना. या कसोटीवर गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची लाडकी गोष्टसुद्धा मुख्य मजकुरातून बाहेर गेली. असा निर्णय घ्यायला छाती लागते. पण त्यांनी ती डिलीट केली नाही, परिशिष्टात ठेवली. कुणालाही तपासता यावी म्हणून.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. नंतर नेपाळात एक जुनी पोथी सापडली आणि त्यांनी निवडलेल्या अनेक पाठांना तिने दुजोरा दिला.

जानेवारी १९४३ मध्ये मुंबईत महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. तीन झाली. २१ तारखेला ते गेले, चौथं राहिलं. आवृत्ती इतरांनी पुढे नेली. ती १९६६ मध्ये पूर्ण झाली.