अ‍ॅमस्टरडॅममध्ये रांग लावून व्हॅन गॉग बघताय? तो घडला ती गावं वेगळीच आहेत!

मंडळी, नेदरलँड्सला जाऊन आलेल्या कुणाचंही इन्स्टाग्राम उघडा. ट्युलिपची शेतं, एखादी पवनचक्की, अ‍ॅमस्टरडॅमचा कालवा आणि व्हॅन गॉग म्युझियमसमोरचा सेल्फी. एवढं झालं की बॅग भरून पुढचा देश!

पण गंमत बघा. ज्याच्या नावाने अ‍ॅमस्टरडॅममध्ये एवढी गर्दी होते, तो व्हिन्सेंट व्हॅन गॉग त्या शहरात जेमतेम सव्वा वर्ष राहिला. तेही चित्रकार म्हणून नाही, तर धर्मशास्त्राच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी म्हणून. ती तयारीही त्याने अर्ध्यावर सोडली. त्याची गाजलेली सूर्यफुलं आणि ताऱ्यांची रात्र फ्रान्समधली. मग नेदरलँड्सचा व्हॅन गॉग भेटतो तरी कुठे? त्यासाठी बहुतेक टूर पॅकेजमध्ये नसलेल्या तीन गावांना जावं लागतं.

पहिलं गाव झुंडर्ट. दक्षिणेकडच्या ब्राबांत प्रांतात, बेल्जियमच्या सीमेला खेटून. ३० मार्च १८५३ रोजी व्हिन्सेंट इथे जन्मला. वडील थिओडोरस प्रोटेस्टंट पाद्री. पण हा सगळा मुलूख कॅथलिकांचा, त्यामुळे वडिलांच्या चर्चला येणारी माणसं थोडीच. चर्चच्या आवारात एक लहानशी कबर आजही आहे आणि तिच्यावर नाव आहे व्हिन्सेंट व्हॅन गॉग! ही आपल्या चित्रकाराची नाही बरं का. त्याच्या आधी बरोबर एक वर्ष, म्हणजे ३० मार्च १८५२ रोजी, याच आईवडिलांना मृतावस्थेत मूल झालं होतं. त्याचं नाव पुढच्या मुलाला दिलं गेलं. चर्चला जाता-येता स्वतःच्या नावाची कबर बघत मोठं होणं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. त्यावरून त्याच्या मनाचे मोठमोठे निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत, आपण त्या वाटेला नको जाऊया.

अकराव्या वर्षी त्याला झेव्हेनबर्गेनच्या बोर्डिंग शाळेत टाकलं, मग टिलबुर्गच्या शाळेत. ती मध्येच सुटली. सोळाव्या वर्षी काकांच्या ओळखीने हेगमधल्या गुपिल या चित्रविक्रीच्या कंपनीत नोकरी लागली. पुढे लंडन, पॅरिस, नोकरी गेली, इंग्लंडमध्ये मास्तरकी, डॉर्ड्रेख्टला पुस्तकांचं दुकान, अ‍ॅमस्टरडॅमचा तो फसलेला अभ्यास आणि बेल्जियमच्या कोळसा खाणीत धर्मप्रचार. कुठेच बस्तान बसलं नाही. १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. खर्च कोण करणार? धाकटा भाऊ थिओ.

आता दुसरं गाव. सप्टेंबर १८८३ मध्ये हेगमधलं बिऱ्हाड मोडून व्हिन्सेंट ईशान्येकडच्या ड्रेंथे प्रांतात गेला. आजही परदेशी पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. तेव्हा तर हा निव्वळ पीटचा, म्हणजे जळणासाठी खणून काढायच्या दलदलीच्या मातीचा मुलूख होता. काळपट सपाट जमीन, तिच्यातून गेलेले कालवे आणि मातीच्या ढेपांच्या झोपड्या. आधी तो होखेव्हेनला राहिला. मग कालव्यातल्या बोटीतून, नावात अ‍ॅमस्टरडॅम असलेल्या पण त्या शहराशी काही घेणंदेणं नसलेल्या निऊ-अ‍ॅमस्टरडॅम नावाच्या वस्तीत आला आणि तिथल्या खाणावळीत खोली घेतली. समोरचा उचलता पूल त्याने रंगवला. एकदा तर पहाटे तीनला खाणावळीच्या मालकाच्या गाडीत बसून झ्वेलो नावाचं खेडं बघायला गेला. त्याने ज्या खोलीत मुक्काम केला, ती आज जाऊन बघता येते.

पण थंडी वाढली, रंग संपत आले, एकटेपणा खायला उठला. डिसेंबरच्या सुरुवातीला तो पावसाबर्फातून सुमारे सहा तास चालत होखेव्हेनला पोहोचला आणि तिथून आईवडिलांच्या घरी निघाला. तीन महिन्यांत ड्रेंथे संपलं.

घर आता न्यूनेनला होतं. हे तिसरं गाव, आणि सगळ्यात महत्त्वाचं! आइंडहोव्हेनला लागून असलेलं हे विणकरांचं आणि शेतकऱ्यांचं गाव. डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ अशी जवळपास दोन वर्षं तो इथे होता, आणि त्याच्या आयुष्यभराच्या कामापैकी साधारण चौथा हिस्सा याच काळातला आहे. घराघरांत हातमाग होते. व्हिन्सेंट तासन् तास तिथे बसून मागाच्या लाकडी सांगाड्यात अडकल्यासारखा दिसणारा विणकर काढायचा. त्यातल्या एका ओकच्या मागावर १७३० साल कोरलेलं होतं.

जानेवारी १८८४ मध्ये आई ट्रेनमधून उतरताना पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. घरात सतत भांडणारा हा मुलगा तिच्या सेवेत मात्र कमी पडला नाही. अंथरुणावरच्या आईला बरं वाटावं म्हणून त्याने वडिलांच्या छोट्या अष्टकोनी चर्चचं चित्र काढून दिलं. पुढच्या वर्षी २६ मार्चला वडील अचानक गेले. नंतर व्हिन्सेंटने त्याच चित्रात चर्चमधून बाहेर पडणारी माणसं रंगवली, काही बायका शोकाच्या शालीत. हे चित्र २००२ मध्ये चोरांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममधून पळवलं आणि २०१६ मध्ये ते इटलीत, नेपल्सच्या माफियाकडे सापडलं! याच गावातल्या पाद्र्याच्या बागेचं दुसरं चित्र ३० मार्च २०२०ला, म्हणजे व्हिन्सेंटच्या वाढदिवशीच, चोरीला गेलं. २०२३ मध्ये ते आयकियाच्या निळ्या पिशवीतून परत आलं.

गावाशी त्याचं जमलं मात्र नाही. शेजारची मार्गो बेगेमान त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. दोघांना लग्न करायचं होतं, दोन्ही घरांनी मोडता घातला. सप्टेंबर १८८४ मध्ये तिने विष घेतलं. ती वाचली, पण गावाच्या नजरेत दोष व्हिन्सेंटचा.

त्या हिवाळ्यात तो झोपड्यांमध्ये जाऊन शेतकऱ्यांचे चेहरे काढत सुटला. चाळीसेक तरी चेहरे! त्यातून एप्रिल-मे १८८५ मध्ये तयार झालं 'बटाटे खाणारी माणसं'. दे ग्रोट कुटुंबातले पाच जण, टांगलेला एकच दिवा, मातकट रंग. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटातले बटाटे उचलताहेत, हे त्याला दाखवायचं होतं. थिओला चित्र फारसं भावलं नाही. चित्रकार मित्र व्हॅन राप्पार्डने तर अशी टीका केली की मैत्रीच तुटली. आज हेच चित्र बघायला लोक तिकीट काढतात.

मग याच कुटुंबातली गोर्दिना गरोदर राहिली आणि बोट पुन्हा व्हिन्सेंटकडे. त्याने आरोप नाकारला, पुरावाही काही नव्हता. पण कॅथलिक पाद्र्याने गावकऱ्यांना त्याच्यासमोर मॉडेल म्हणून बसायला मनाई केली. त्यात त्याचा स्टुडिओ कॅथलिक चर्चच्याच सेवकाच्या घरात भाड्याने होता! माणसंच बसेनात तेव्हा त्याने पक्ष्यांची घरटी आणि बटाट्यांच्या टोपल्या काढल्या. नोव्हेंबरमध्ये तो अँटवर्पला निघून गेला आणि मायदेशी कधीच परतला नाही. २९ जुलै १८९० रोजी फ्रान्समधल्या ऑव्हेरला तो गेला, तेव्हा सदतीस वर्षांचा होता.

न्यूनेनची चित्रं मागेच राहिली. १८८६ मध्ये आई ब्रेडा शहरात राहायला गेली, तेव्हा ती खोक्यांत भरून एका सुताराकडे ठेवली. पुढे ती भंगारवाल्याच्या हाती लागली. त्याने काही फेकून दिली आणि काही हातगाडीवर चिल्लर पैशांत विकली. किती गेली याचा हिशेब नाही.

आज याच न्यूनेनमध्ये व्हिन्सेंटचं म्युझियम आहे. ते अष्टकोनी चर्च आणि वडिलांचं घर अजून उभं आहे. झुंडर्टला जायचं तर सप्टेंबरचा पहिला रविवार गाठा. त्या दिवशी गावातल्या वाड्या डेलियाच्या फुलांनी मढवलेले अवाढव्य रथ घेऊन एकमेकींशी स्पर्धा करतात. ही मिरवणूक १९३६ पासून चालू आहे. आणि न्यूनेनला गेलात तर आइंडहोव्हेनमध्ये सायकल भाड्याने घ्या. या दोन गावांच्या मध्ये २०१४ मध्ये एक सायकलचा रस्ता झाला आहे. त्यात बसवलेले हजारो बारीक खडे दिवसभर उजेड शोषून घेतात आणि रात्री ताऱ्यांच्या भोवऱ्यासारखे चमकतात. दिवसाउजेडी तिथून गेलात तर साधाच रस्ता दिसेल, त्यामुळे अंधार पडल्यावरच निघा.