पाखरांची बोली आणि डार्विन

चार्ल्स डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडिलांच्या इच्छेस मान देऊन तो वैद्यक शिकू लागला. परंतु शस्त्रक्रियेचे दृश्य त्याला पाहवेना. शिकारीत व किडे गोळा करण्यात रमणारा हा मुलगा घराण्याचे नाव बुडविणार, अशी वडिलांना धास्ती वाटे. पुढे १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजातून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि सृष्टीचे निरीक्षण हेच त्याचे जीवितकार्य ठरले.

१८३९ मध्ये त्याला पहिला पुत्र झाला. त्या बाळाच्या बोबड्या उद्गारांचीही तो टिपणे ठेवी. वर्षाच्या त्या बालकाने खाऊसाठी स्वतःचाच एक शब्द बनविला, हे त्याने कौतुकाने नोंदविले.

भाषा ही मनुष्य व पशू यांमधील अनुल्लंघनीय सीमा होय, असे ऋग्वेदाचे संपादक मॅक्समुल्लर यांनी १८६१ मध्ये प्रतिपादिले होते. डार्विनला ते पटले नाही. १८७१ मध्ये मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्याने दाखविले, की गाणाऱ्या पक्ष्यांची पिलेही वडीलधाऱ्यांचे ऐकून गाणे शिकतात. तान्ह्या मुलांप्रमाणे प्रथम बडबडतात. आणि प्रदेशाप्रदेशानुसार त्यांच्या गाण्यातही भेद पडतात. मात्र ध्वनीशी विचाराची सांगड घालण्याची मनुष्याची शक्ती फार मोठी आहे, हेही त्याने प्रांजळपणे मान्य केले.

१९ एप्रिल १८८२ रोजी त्याचे निधन झाले. मोठ्या पंडिताशी मतभेद असूनही सत्य तेवढेच सांगावे, ही या निसर्गभक्ताची शिकवण होय.