सर दिनकरराव राजवाडे

एखाद्या समितीचे सभासदत्व लाभले की माणसाला मान मिळतो. परंतु त्या आसनावर बसून त्याने काय केले, यावरूनच त्याची खरी योग्यता ठरते. ग्वाल्हेरचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे यांचे चरित्र आम्हांस या दृष्टीने मननीय वाटते.

दिनकररावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात २० डिसेंबर १८१९ रोजी झाला. पूर्वज शिंदेशाहीचे सेवक होते. तेही पंधराव्या वर्षी ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीत शिरले. एका प्रांताचा कारभार हाती येताच त्यांनी तेथील पोलीस व महसूल खात्यांची घडी बसविली. पुढे महाराज जयाजीरावांनी त्यांना दिवाण नेमले, तेव्हा तिजोरी रिती होती. त्यांनी रयतेस जाचणारे कर उठविले आणि पगार कमी केले. त्यातून स्वतःचा पगारही वगळला नाही. तूट जाऊन शिल्लक पडू लागली.

१८५७ च्या उठावात ते इंग्रजांच्या पक्षास राहिले. ही गोष्ट आजही अनेकांच्या मनाला सलते, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. तथापि ते सरकारचे होयबा होते काय, याचे उत्तर पुढील काळात मिळते.

१८५९ च्या अखेरीस त्यांनी दिवाणगिरी सोडली. १८६२ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळावर प्रथमच तीन हिंदी सभासद नेमले गेले. पतियाळाचे महाराज व काशीचे देवनारायण सिंह यांच्यासमवेत त्यांत दिनकररावही होते.

खरी कसोटी लागली ती १८७५ मध्ये. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांनी रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोग करविला, असा आरोप होता. चौकशीसाठी तीन इंग्रज व तीन हिंदी सभासदांचे मंडळ नेमण्यात आले. इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला. जयपूर व ग्वाल्हेरचे महाराज आणि दिनकरराव यांनी तो मानला नाही. सरकारने पुढे गैरकारभाराचे कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलेच; पण विषप्रयोगाचा डाग एकमताने लावता आला नाही.

९ जानेवारी १८९६ रोजी दिनकररावांचे देहावसान झाले.

विद्यार्थीमित्रहो, उद्या तुम्हीही एखाद्या वाचनालयाच्या वा शाळेच्या मंडळावर बसाल. ज्याने नेमले त्याला रुचेल तेच बोलण्याचा मोह तेथे होईल. आपला सल्ला मानला जाईलच असे नाही. तरीही तो सचोटीने देणे हेच सभासदाचे कर्तव्य होय, असे आम्हांस वाटते.