सोन्याचे घड्याळ आणि वेळेचा हिशेब

मुलगा दहावी पास झाला की वडील कौतुकाने त्याला घड्याळ घेऊन देतात. निवृत्त होणाऱ्या शिक्षकालाही निरोप समारंभात बहुधा घड्याळच मिळते. पण मिळालेली सोन्याची घड्याळे परत करून, आयुष्यभर वेळ मात्र काटेकोर सांभाळणारा एक पुरुष आपल्या देशात होऊन गेला. ते म्हणजे महात्मा गांधी.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तेथे साहेबी राहणीचा मोह त्यांनाही पडला. उंची सूट शिवला, थोरल्या भावाकडून घड्याळासाठी सोन्याची दुपदरी साखळी मागवली. पुढे मात्र ते सावध झाले आणि पै-पैचा हिशेब लिहू लागले.

१८९३ साली दादा अब्दुल्ला शेठ यांच्या पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. हिंदी लोकांचा तेथे पदोपदी होणारा अपमान पाहून त्यांनी लढा उभारला. १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना दादा अब्दुल्लांच्याच घरी झाली. मुसलमान, हिंदू, पारशी, ख्रिस्ती असे सारे या कामात एकत्र आले.

१९०१ साली गांधीजी मायदेशी निघाले तेव्हा लोकांनी भेटींचा वर्षाव केला. त्यांत सोन्याची घड्याळे होती, सोन्याची साखळी होती, हिऱ्याच्या अंगठ्या होत्या आणि कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा हार होता. त्या रात्री गांधीजींना झोप लागली नाही. समाजाची सेवा केली, तर तिचे मोल घरात कसे ठेवावे? अखेर पारशी रुस्तमजी वगैरेंना विश्वस्त नेमून सर्व भेटी समाजकार्यासाठी देण्याचे त्यांनी ठरविले. मुलांना ते पटले. कस्तुरबांना पटेना. उद्या सुना येतील, त्यांच्या अंगावर काय घालायचे, हा आईचा प्रश्न होता. शिवाय पतीच्या सेवेत त्याही रात्रंदिवस राबल्या होत्या. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. शेवटी नाइलाजाने त्यांनी संमती दिली आणि त्या ठेवीचा विश्वस्तनिधी झाला.

पुढे गांधीजींच्या कमरेला साधे खिशातले घड्याळ लटकत असे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात प्रार्थना, सूतकताई, पत्रव्यवहार, सारे ठरल्या वेळी चाले. ३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी बोलताना प्रार्थनेची पाचची वेळ टळली. आभाबेनने घड्याळ दाखविताच ते लगबगीने निघाले. उशीर झाल्याची त्यांना खंत वाटली. त्याच वाटेवर त्यांची हत्या झाली. त्यांचे एक चांदीचे झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला व ताटवाटी यांचा २००९ साली न्यूयॉर्क येथे लिलाव झाला, तेव्हा या वस्तूंना अठरा लाख डॉलर मोजले गेले.

पाच वेळच्या नमाजाने आपल्या समाजाला वेळेची शिस्त लहानपणापासूनच शिकविली आहे. अमानतीत खयानत करू नये, हीही आपलीच शिकवण. आपल्यासारख्या शिक्षणसंस्था लोकांच्या देणगीवर चालतात. ती देणगी म्हणजे अमानत आणि विद्यार्थ्याचा वेळ हीदेखील अमानतच. पालकांनी मुलाला घड्याळ जरूर घेऊन द्यावे, पण त्याबरोबर ही हकीगतही सांगावी.