कानांनी साथ सोडली, तेव्हा या डॉक्टरनं बोटांनी बाळांची हृदयं तपासली

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. १९३० मध्ये तिथे लहान मुलांच्या हृदयाच्या ओपीडीची जबाबदारी एका तरुण डॉक्टरकडे देण्यात आली. नाव हेलन टॉसिग.

त्या काळी हे काम काही मानाचं नव्हतं. जन्मतःच हृदयात दोष असलेली मुलं यायची आणि त्यांच्यासाठी करण्यासारखं जवळपास काहीच नसायचं. काहींचे ओठ आणि नखं निळीजांभळी असायची. चार पावलं चालली की धाप लागायची, मग ती मुलं उकिडवी बसून राहायची. त्यांना म्हणायचे ‘ब्लू बेबी’. त्यातली बरीचशी मोठी व्हायच्या आतच जायची.

त्यात भर म्हणजे तिशीत हेलन यांना ऐकू येणं कमी होत गेलं. आता हृदयाचा डॉक्टर म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप आलाच. तोच नीट चालेना तर करायचं काय? त्यांनी आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप वापरून पाहिला. पण खरा भर दिला तो बोटांवर. अरुंद झडपेतून रक्त जोरात घुसतं तेव्हा छातीवर बारीक थरथर जाणवते. ती थरथर नेमकी कुठे आहे आणि किती आहे, हे त्या बाळाच्या छातीवर हात ठेवून ओळखायला लागल्या.

अडथळे त्यांच्यासाठी नवे नव्हते. १८९८ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म. वडील फ्रँक टॉसिग हार्वर्डचे नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ. हेलन ११ वर्षांची असताना आई क्षयानं गेली. डिस्लेक्सियामुळे शाळेत साधं वाचायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं, तर हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये मुलींना प्रवेशच नव्हता. एका विषयाच्या वर्गात बसू दिलं, तेही पोरांपासून लांब, एका बाजूला. शेवटी बोस्टन युनिव्हर्सिटी करत त्या जॉन्स हॉपकिन्सला पोचल्या आणि १९२७ मध्ये डॉक्टर झाल्या.

ओपीडीत त्यांच्या हाताशी फ्लुरोस्कोप होता. म्हणजे क्ष-किरणांनी धडधडतं हृदय पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्या बाळाला वेगवेगळ्या बाजूंनी वळवून हृदयाची सावली बघायच्या. बाळ दगावलं, तर पोस्टमॉर्टेममध्ये त्याचं हृदय प्रत्यक्ष पाहून आपला अंदाज पडताळायच्या. असं वर्षानुवर्षं चाललं. हळूहळू लक्षात आलं की वरवर सगळी बाळं निळी दिसली तरी प्रत्येक दोषाची खूण वेगळी असते. ट्रायकस्पिड झडप तयारच झाली नसेल, तर हृदयाचा उजवा कप्पा खुरटलेला राहतो आणि ते सावलीत कळतं.

सगळ्यात जास्त त्रास देणारा दोष म्हणजे ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’. यात हृदयात चार बिघाड एकत्र असतात, पण निळेपणाचं मूळ एका जागी. फुप्फुसांकडे जाणारी वाट पल्मनरी झडपेपाशी किंवा तिच्या जरा खाली अरुंद झालेली असते. पुरेसं रक्त फुप्फुसांत पोचत नाही, मग प्राणवायू मिळणार कुठून?

इथेच हेलन यांना धागा सापडला. पोटातल्या बाळाच्या शरीरात फुप्फुसांची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते, डक्टस. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप बंद होते. हेलन यांनी पाहिलं की काही बाळं ही नळी उघडी असेपर्यंत ठीक असायची आणि ती बंद झाली की निळी पडायची. म्हणजे ही मुलं हृदय थकून जात नव्हती, फुप्फुसांत रक्त कमी पडून जात होती. मग तशीच नळी माणसानं बनवून दिली तर?

बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडा डक्टस बांधून बंद करण्याचं ऑपरेशन यशस्वी केलं होतं. हेलन त्यांच्याकडे नेमकी उलटी मागणी घेऊन गेल्या. त्यांनी रस दाखवला नाही.

१९४१ मध्ये सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक हॉपकिन्सला आले आणि त्यांना ही कल्पना पटली. प्रयोगशाळेत ती प्रत्यक्षात आणली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहाय्यकानं. त्यांच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून करून त्यांनी तंत्र बसवलं होतं. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसांच्या धमनीला शिवायची.

२९ नोव्हेंबर १९४४. टेबलावर १५ महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार किलो. ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून थॉमस सूचना देत होते. हेलनही तिथेच होत्या. निदान चुकलं असतं तर टाके कितीही सुबक घालून काय उपयोग? ती मुलगी वाचली, पण काही महिन्यांनी तब्येत पुन्हा ढासळली आणि ती गेली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

१९४५ मध्ये शोधनिबंध छापून आला आणि लांबलांबून पालक बाल्टिमोरला येऊ लागले. निबंधावर नावं दोनच, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचं नाव कुठेच नव्हतं. मानद डॉक्टरेट द्यायला हॉपकिन्सला १९७६ उजाडलं. आज अनेक जण त्या ऑपरेशनच्या नावात थॉमस यांचंही नाव जोडतात.

या ऑपरेशननं मूळची अरुंद वाट तशीच राहायची, रक्ताला फक्त वळसा मिळायचा. आतला दोष दुरुस्त करणारी ओपन हार्ट सर्जरी १९५४ मध्ये मिनेसोटात झाली. तोवर या वळशानं हजारो मुलं तगवली. हेलन यांनी १९४७ मध्ये या दोषांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, ते पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांच्या टेबलावर असायचं. त्यांना पूर्ण प्रोफेसरपद मात्र मिळालं १९५९ मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर.

१९६२ मध्ये त्या जर्मनीला गेल्या. थॅलिडोमाइड नावाच्या गोळीमुळे हातपाय नसलेली बाळं जन्मत होती, ते स्वतः पाहून आल्या आणि अमेरिकेच्या संसदेपुढे साक्ष दिली. १९६५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

१९८२ मध्ये त्यांच्याच हॉपकिन्समधल्या जीन कॅन आणि सहकाऱ्यांनी नवी पद्धत जगापुढे मांडली. छाती न उघडता, पायाच्या शिरेतून फुगा नेऊन तो अरुंद पल्मनरी झडपेत फुगवायचा. झडप एकटीच अरुंद असेल, तर आजही बहुतेक मुलांवर याच पद्धतीनं उपचार होतात. तेव्हा हेलन ८० पार केलेल्या होत्या आणि संशोधन सुरूच होतं. २० मे १९८६ ला मतदानाच्या दिवशी मतदारांना गाडीनं सोडत असताना पेनसिल्व्हेनियात अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ८८ व्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते.